खडकउमरीच्या हापशाचा दांडा

सकाळी सात वाजता लिंबाजी सोनकांबळे हापशापाशी परत आला आणि बघतो तर काय, हापशाला दांडाच नाही. सिमेंटचा ओटा जागेवर, हिरव्या रंगाचा नवाकोरा लोखंडी खांब जागेवर, पाण्याची तोटी जागेवर. ज्यानं पाणी उपसायचं तो चार फुटी दांडा तेवढा गायब. लिंबाजीनं ओट्याभोवती दोन चकरा मारल्या. चार फुटी लोखंड म्हणजे काही सुई नव्हे, की मातीत हरवावं. मग तो मटकन खाली बसला. रांगेतून रिकामी घागर घेऊन मागोमाग आलेली त्याची लेक विशाखा हे सगळं बघत उभी राहिली.

बसण्यासारखीच वेळ होती. लातूर वेगळा जिल्हा होऊन अजून वर्ष झालं नव्हतं, आणि त्या नव्या जिल्ह्याचे नवे साहेब नव्या जीपमधून अकरा वाजता रेणापूरकडच्या या आडगावात हापशाचं उद्घाटन करायला येणार होते. दोन वर्षं पावसानं खडकउमरीकडं नीट पाहिलं नव्हतं. रोज सकाळी सहाला टँकर यायचा आणि गुरुपादप्पांच्या विहिरीत रिकामा व्हायचा, कारण गावात धड बांधलेली विहीर तेवढी एकच. मग तेच पाणी शेंदायला सगळ्या गावाची रांग लागायची. बौद्धवाड्याच्या घागरी त्या रांगेत कायम शेवटी. हे कुणी ठरवलं होतं ते कुणी सांगत नसे. पुढं बोअरची जागा बघायला माणसं आली, गावभर हिंडली आणि त्यांनी खूण केली ती नेमकी बौद्धवाड्याच्या तोंडाशी. एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागलं. जमिनीखालच्या पाण्याला गावातल्या आळ्या कळत नाहीत, त्याला कोण काय करणार!

लिंबाजी ग्रामपंचायतीचा शिपाई. हापशाची राखण त्याच्याकडं, हत्यारांची पेटी त्याच्याकडं, आणि टँकर आला की विहिरीवर जाऊन नळी धरायचं कामही त्याच्याकडंच. आदल्या संध्याकाळी हापसा बसला तसा तो तिथंच अंथरूण टाकून पडला होता. सहाला टँकरचा हॉर्न वाजला म्हणून विहिरीवर गेला, सातला परतला. तेवढ्या एका तासात कुणीतरी आपला डाव साधला होता.

आठ वाजेपर्यंत सगळं गाव ओट्याभोवती जमलं. सरपंच माधवराव इस्त्रीचे कपडे घालूनच आले होते. त्यांनी ओट्यावर चढून चौकशी सुरू केली. चौकशी कसली, निकालच तो; प्रश्न आपले रीत म्हणून.

"पाना कुणाजवळ असतो रे?"

"माज्याजवळ, मालक."

"पेटीची किल्ली?"

"माज्या करगोट्याला."

"आन् सहा ते सात गाव कुठं होतं?"

"रांगेत होतं, मालक."

"समदं गाव रांगेत, पाना तुज्याजवळ. मग दांडा काय पाय फुटून गेला?" माधवरावांनी गर्दीकडं एकवार बघून घेतलं. "चोर हायेस तू, लिंबाजी! अकरापर्यंत दांडा जागेवर पायजे. न्हाई तर साहेबासमोरच तुला रेणापूरच्या चौकीत धाडतो. नौकरी तर गेलीच समज."

लिंबाजीनं मान खाली घातली ती घातलीच. वीस वर्षं त्या माणसानं पंचायतीची साधी खडूची कांडीसुद्धा घरी आणली नव्हती, आणि आता सगळ्या गावादेखत तो शब्द त्याच्या अंगावर पडला होता. त्याची बायको सुमनबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. विशाखा रडली नाही. तिच्या अंगाचा मात्र नुसता तिळपापड झाला.

या पोरीविषयी थोडं सांगायला हवं. पंधराव्या वर्षात होती, नववी पास झाली होती, आणि गाव तिला 'सीआयडी' म्हणायचं. कुणाची कोंबडी कुणाच्या गोठ्यात अंडं घालते, शाळेतला डस्टर कुणी पळवला, असल्या भानगडी ती नेमक्या उकरून काढायची आणि आईचे धपाटे खायची. हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं लातूरला. तिचा मामा तिथल्या एका टॉकीजमध्ये दारावर तिकिटं फाडायचा. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं भाचीला एक जुना इंग्रजी सिनेमा फुकटात दाखवला. त्यात टोपी घातलेली एक पोरगी स्वतः मोटार हाकत चोर शोधत फिरायची आणि मोठमोठ्या माणसांना पळता भुई थोडी करायची. टॉकीजमधली निम्मी माणसं गाणं कधी लागतं याची वाट बघत झोपून गेली. विशाखाला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण बोलणं कळत नसल्यामुळं तिनं सगळा सिनेमा माणसांचे हात बघत बघितला, आणि खोटं कोण बोलतंय ते तिला त्या टोपीवालीच्या आधी समजलं. सिनेमे बघून पोरं बिघडतात म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गर्दी पांगली तशी ती बापाशेजारी जाऊन बसली.

"बा, तू सहाला गेलास तवा ही कमान कशी होती?"

हापशापासून दहा पावलांवर साहेबांच्या स्वागताची बांबूची कमान उभी होती. लिंबाजीनं मान वर न करताच सांगितलं, "कशी मंजे? नुसते बांबू होते."

"आन् सातला परत आलास तवा?"

"पताका लागल्या होत्या की. कागदी फुलं बी. मला काय करायचंय त्या फुलांचं, माय?"

विशाखाला मात्र करायचं होतं. म्हणजे सहा ते सात कुणीतरी इथं होतं. आणि कोण होतं हे शोधायलाही लागलं नाही, कारण गुरुपादप्पा पारावर बसून येईल-जाईल त्याला सांगत होते, "कमान म्या एकट्यानं सजवली बरं का! साहेबानं फोटू काढावा अशी सजवली!"

गुरुपादप्पा म्हणजे टँकर ज्यांच्या विहिरीत रिकामा व्हायचा तेच. किराणा दुकानदार, पन्नाशीचे, साखरेचं पोतं अजून एकट्यानं उचलणारे. विहीर त्यांची, पण पाणी घेताना आपणही रांगेत नंबर लावतो, हा त्यांचा मोठा अभिमान. मोठा तांब्याचा हंडा, त्यावर ठसठशीत अक्षरांत नाव कोरलेलं. त्या हंड्याशेजारी उभं राहून ते रांगेवर असे डाफरायचे, की टँकर नव्हे तर खुद्द गंगाच त्यांनी आणून सोडली आहे.

आणि तिथंच विशाखाची गाडी अडली. कारण अप्पा रांगेत होते. सगळ्या गावानं पाहिलं होतं. तिनं स्वतः रांगेच्या शेपटाला उभं राहून पाहिलं होतं. मग कमान सजवली कधी?

ती नागुबाईच्या दारात गेली. नागुबाई म्हणजे रांगेचा चालता-बोलता हजेरीपट. "नागूमावशी, सकाळी अप्पा रांगेत होते?"

"होते की! माज्या म्होरंच होते. सहापासनं."

"त्यांच्या म्होरं कोण?"

"धुरपता. तिच्या म्होरं पाटलाची सून."

"धुरपताआजी?" विशाखानं डोळे बारीक केले. "ती तर परवाच किनवटला गेली न्हाई का? लेकीच्या बाळंतपणाला?"

नागुबाईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "आगं बया! पर... पर म्या तर तिला दहादा सरकवलं!"

"कुणाला सरकवलं, मावशी? धुरपताआजीला का तिच्या घागरीला?"

नागुबाई धपकन जोत्यावर बसली. "घागरीला. सुनंनं ठेवली आसंल आन् गेली आसंल घराकडं."

दोन वर्षं रांगेत काढलेल्या गावाला हे असंच व्हायचं. घागर ठेवली की नंबर लागला. मालकीण घरी जाऊन भाकरी थापून आली तरी मागची बाई तिची घागर पायानं पुढं सरकवत राहायची. घागर पुढं म्हणजे माणूस पुढं. कुणी विचारलं तर सगळे शपथेवर सांगणार, हो, धुरपता होती म्हणून. माणसाचं तोंड बघायची सवयच गेली होती, सगळे भांडी ओळखायचे. आणि विशाखाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, कारण तिनंही सकाळी पाहिला होता तो हंडाच. वर अप्पांचं डोकं तिनं पाहिलं नव्हतं.

पण 'दिसले नाहीत' म्हणून भागत नाही. ती घरोघर हिंडली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: आज रांगेत तुझं भांडण कुणाकुणाशी झालं? हे मात्र बायांना तोंडपाठ. कोण कुणाला काय बोललं, कुणी कुणाचं माहेर काढलं, सगळं बयाजवार आलं. त्या रांगेत ज्याचं भांडण झालं नाही असं एकही माणूस नव्हतं. एक गुरुपादप्पा सोडून.

"आज लई सबुरीनं होते गं अप्पा," पाटलाची सून म्हणाली. "एका सबदानं ओरडले न्हाईत. म्या मनलं, वय झालं, शानपन आलं."

दहा वाजले होते. विशाखा तडक पाराकडं गेली आणि अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. अप्पा साहेबांसाठी कागदी फुलांचा हार ओवत होते. धोतर बगळ्यासारखं पांढरं, सदरा नवा, कपाळावर भस्माचे पट्टे. आणि नखांत काळं ग्रीस! हापशाच्या साखळीला काल फिटरनं बोट बोट लावलेलं, तसलंच. दुष्काळात सगळं लपवता येतं, पण हाताचं ग्रीस घालवायला बादलीभर पाणी लागतं, आणि ते काही अप्पांच्याही घरी नव्हतं.

"काय बघून राहिलीस गं?" अप्पांनी विचारलं.

"हार लई छान ओवलाय, अप्पा."

पान्याचं कोडं राहिलंच नाही. अप्पांच्या विहिरीवर तेलावरचं इंजिन होतं, वर्षभर बंद पडलेलं; त्याचा पाना त्यांच्या गल्ल्याखाली असतो हे तिनं मीठ आणायला गेल्यावर शंभरदा पाहिलं होतं. उरला दांडा. उजाडल्यावर चार फुटी लोखंड घेऊन कुणी गावातून चालत जाणार नाही. मग ते कुठं गेलं असेल? ती हापशापाशी आली, चारी बाजूंनी बघितलं, आणि तिची नजर कमानीवर थांबली. उजवी बाजू सरळ होती. डावी बाजू चांगली वीतभर खाली वाकली होती. कागदाची फुलं, कागदाच्या पताका. कागदाचं एवढं वजन असतं होय?

धावत जाऊन सरपंचांना सांगावं असं क्षणभर वाटलं, पण ती थांबली. सरपंच आणि अप्पा एका पानात सुपारी खाणारे. दांडा गुपचूप परत बसला असता, चहा झाला असता, आणि बाप मात्र जन्मभर गावाच्या तोंडी चोरच राहिला असता.

"गप बस गं बाई," सुमनबाईनं तिचा दंड धरला. "मोठी मानसं हायेत. आपून लहान मानसं."

"आई, चोर मनलं ते काय लहान आवाजात मनलं का?" विशाखा म्हणाली आणि तिनं दंड सोडवून घेतला.

अकराला दहा कमी असताना जीप आली. साहेब म्हणजे अवधूत देशपांडे, तिशीतले इंजिनिअर, डोक्याला उन्हानं रुमाल बांधलेला. कमानीखालून आले, हार घेतला, हापशाकडं बघितलं आणि थबकले. "याचा दांडा कुठं आहे?"

माधवरावांनी भोंग्याचा माईक हातात घेतला होता. लातूरहून भाड्यानं आणलेला भोंगा लिंबाच्या झाडावर बांधला होता आणि तो आसपासच्या तीन गावांना ऐकू जायचा. "साहेब, कळवायला दुख होतं, पर आमच्या शिपायानंच..."

"साहेब, मला एकच इचारायचंय," विशाखा गर्दीतून पुढं आली. "अप्पांना."

"ए पोरी, व्हय मागं!" माधवराव ओरडले, आणि तेही भोंग्यातून गेलं.

"विचारू द्या," साहेब म्हणाले. उन्हात एवढ्या लांब येऊन दांडा नसलेला हापसा बघायला मिळाल्यावर माणसाला थोडी करमणूक हवीच असते.

विशाखा अप्पांकडं वळली. "अप्पा, सकाळी तुम्ही रांगेत होता ना?"

"होतो की! सहा ते सात. समद्या गावानं बघितलंय."

"तुमच्या म्होरं कोण होतं?"

"धुरपताबाई." अप्पांनी छाती पुढं काढली. इथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला थोडंसं सजवल्याशिवाय राहवत नाही. "चांगलं घटकाभर बोलत होतो आमी. मला मनली, अप्पा, गुडघे लई दुखून राहिलेत. म्या मनलं, तेल लावत जा."

मग नागुबाईचा आवाज आला, "आरं देवा! तेल लावायला किनवटला गेला होतास का रं, गुरुपाद?"

आणि हसू फुटलं. एकीला समजलं, तिनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. धुरपताची सून तोंडात पदर कोंबून हसत होती. अप्पांना अजून काही कळत नव्हतं. ते सगळ्यांकडं बघत उसनं हसत राहिले. शेवटी पाटलाची सूनच म्हणाली, "धुरपताकाकू परवाच गेल्या, अप्पा. रांगंत त्यांची घागर होती."

"आन् तुमचा हंडा," विशाखा म्हणाली. "तुम्ही दोघं न्हाई बोललात अप्पा, भांडीच बोलली."

अप्पांचा चेहरा कपाळावरच्या भस्मासारखा पांढरा पडला. त्यांनी हात पाठीमागं घेतले, पण तेवढ्यात साहेबांनी ती नखं पाहिली होती. इंजिनिअर माणूस, ग्रीस ओळखायला त्याला साक्षीदार लागत नाही. "मग दांडा कुठं आहे?" त्यांनी पोरीलाच विचारलं.

"साहेब, तुम्ही त्याच्या खालनंच आलात."

सगळ्या माना एकदम कमानीकडं वळल्या. दोघा गड्यांनी बांबूवर चढून डाव्या बाजूचे कागद ओरबाडले. गुलाबी, पिवळे, निळे कागद खाली पडले, सुतळी सुटली आणि ठाण्णकन आवाज करत दांडा साहेबांच्या बुटापासून हातभर अंतरावर पडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ताशावाल्याला वाटलं कार्यक्रम सुरू झाला, त्यानं ताशा बडवायला घेतला.

गुरुपादप्पा ओट्यावर बसून रडायला लागले. पन्नाशीचा गडी, नव्या सदऱ्यात, हुंदके देऊन. "इकायचा नव्हता रे मला! हापसा चालला की टँकर बंद. मग माज्या इहिरीवर कोण येईल? दोन साल झाले, समदं गाव सकाळी माज्या दारात यायलंय. अप्पा, नंबर लावा. अप्पा, घागर ठिवू का. आता कोण इचारतंय मला!"

नागुबाई पुढं होऊन म्हणाली, "आमी भांडायला यिऊ की रं. त्याला काय पानी लागतंय?" आणि रडता रडता अप्पाही हसले. विशाखाला त्यांचा राग यायचा होता तेवढा आला होता. आता थोडी कीवही आली.

साहेबांनी दांडा उचलून लिंबाजीच्या हातात दिला. "बसवता येतो?"

"येतो, साहेब." लिंबाजीनं करगोट्याची किल्ली काढली, पेटी उघडली, पाना घेतला. खिळा ठोकला, साखळी अडकवली, नट आवळले. सगळं गाव बघत होतं आणि त्याचा हात एकदाही चुकला नाही. मग तो दांडा मारायला लागला. दहा, वीस, तीस. नुसती हवा घोगरत होती. चाळिसाव्याला तोटीनं खाकरल्यासारखा आवाज केला, आधी गढूळ पाणी थुंकलं आणि मग धो धो पांढरी धार सुरू झाली. बौद्धवाड्याच्या बायांनी घागरी पुढं केल्या आणि त्यांच्या मागं, कुणी न सांगता, पाटलाच्या आळीची रांग लागली. सुमनबाईची घागर पहिली भरली.

माधवरावांनी घाम पुसला आणि माईक सावरला. "तर मंडळी, झालं गेलं इसरून जाऊ. आपल्या नव्या जिल्ह्याचे लाडके साहेब..."

"इसरून कसं जाऊ?" विशाखा त्यांच्यासमोर उभी होती. "सरपंचकाका, माज्या बाला समद्या गावासमोर चोर मनलात. आता समद्या गावासमोर, न्हाई मना."

माधवरावांनी साहेबांकडं बघितलं. साहेब रुमाल सोडून निवांत तोंडावर पाणी मारत होते. "पोरीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."

माधवरावांनी घसा खाकरला. माईक तोंडापासून जरा लांब धरून ते पुटपुटले, "लिंबाजी चोर न्हाई."

"भोंग्यात आलं न्हाई, काका. आन् पुरं नाव घ्या."

गर्दीतून कुणीतरी "हाव! हाव!" म्हणालं. मग पाच-दहा जण म्हणाले. मग सगळ्यांनीच ओरडायला घेतलं, आणि त्यांत सकाळी ओट्याभोवती उभं राहून मुंड्या हलवणारेही होते. माधवरावांनी माईक ओठांना टेकवला.

"लिंबाजी नामदेव सोनकांबळे यानं दांडा चोरला न्हाई! तो चोर न्हाई! म्या सरपंच माधवराव सांगतो, माजी चूक झाली!"

लिंबाच्या झाडावरून तो आवाज सुटला तो गावावरून, उन्हानं भेगाळलेल्या शिवारावरून, पार पलीकडच्या गावापर्यंत गेला. हापशाचा दांडा मध्येच थांबला. लिंबाजी दोन्ही हात दांड्यावर ठेवून तसाच उभा होता, आणि त्यानं सकाळपासून खाली घातलेली मान आता वर उचलली होती. लेकीला तो चेहरा नीट दिसला. ती सरपंचांकडं वळून म्हणाली,

"काका, अजून एकदा. मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

आणि सरपंचांनी पुन्हा एकदा सांगितलं.